नागावच्या वाडीतला गुग्गुळ

खोड नखाने खरवडलं. सालीखाली हिरवं निघालं, म्हणजे वर जीव होता. मग बुंध्याशी बोट घातलं, तर नुसता चिखल, आणि कुजका वास. आमच्या भाषेत रूट रॉट, म्हणजे मुळं पाण्यात गुदमरून सडणं.

"पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

समोर दोघी उभ्या होत्या, लीलाकाकू आणि त्यांची सून हेतल. हेतल कच्छची. वडील गेल्यावर तिकडचं घर विकलं, तेव्हा त्यांनी कुंपणाला लावलेल्या गुग्गुळाचं एक रोप तिने इथे नागावला आणलं. गुग्गुळ म्हणजे वैद्य ज्याचा डिंक वापरतात ते वाळवंटी झुडूप. माहेरचं तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं. माझी अलिबागला नर्सरी आहे, म्हणून मला बोलावणं.

काकू म्हणाल्या, "मी घालते. रोज."

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! आमच्याकडे नारळी-पोफळीच्या वाडीत सकाळचं शिंपणं चुकत नाही. झाड सुकलेलं दिसलं की येणारा-जाणारा घरच्या बाईला नावं ठेवतो. आणि गुग्गुळ उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या काटेरी काटक्या होऊन बसतो. ती त्याची झोप. काकूंना वाटलं, सुनेच्या माहेरचं झाड आपल्या दारात मरतंय. त्यांनी पाणी वाढवलं. वर नारळाला घालतात ते मासळीचं खतही घातलं. माझं डोकंच फिरलं, पण त्यांचा चेहरा बघून आवाज चढवला नाही.

मूळ झाड वाचणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. हेतल तिथेच रडायला लागली. मग वरच्या धडधाकट फांद्यांचे तुकडे केले, कापलेली टोकं सुकू दिली आणि रेती-खडीच्या कुंड्यांत लावले. कुंड्या पडवीच्या कडेला ठेवल्या, ऊन लागेल पण पाऊस लागणार नाही अशा. नंतर काकूंना बाजूला घेतलं.

"काकू, पाणी हेतल घालेल. माती ठणठणीत कोरडी झाल्यावर, थोडंसं. तुम्ही हात लावायचा न्हाय."

"आणि सुकलं तर?"

"सुकलेलं दिसू दे."

हे त्यांना फार जड गेलं. शिंपणं उरकलं की कुंड्यांपाशी येऊन हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात, असं हेतल फोनवर सांगायची. पावसाळा सरेपर्यंत बाकी काड्या कुजल्या. एक जगली.

यंदा उन्हाळ्यात गेले होते. काकूंच्या होमस्टेला उतरलेल्या एक बाई "बिचारं वाळलंय" म्हणत कुंडीत बाटली ओतायला वाकल्या. काकूंनी भाजी निवडणं टाकून त्यांचा हात धरला.

"मेलेलं न्हाय हो ते. त्याच्या माहेरी असंच राहतात."

हल्ली असलं रोप देताना पाणी केव्हा घालायचं नाही, तेवढंच सांगते. आणि तेही घरातलं सगळ्यात मायाळू माणूस शोधून, त्याला.