बसून सुचत नाही

त्याला बसून काही म्हणता काही सुचत नसे. जुन्या ऑफिसात सगळे त्याला ‘गस्तवाला’ म्हणत. प्रोग्राम कुठे अडला की हा पठ्ठ्या उठणार, जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालणार आणि परत येऊन दोन-चार ओळी बदलणार. काम फत्ते. साहेब वैतागायचे, पण अडलेलं काम शेवटी त्याच्याच गळ्यात घालायचे. आईचं म्हणणं, पोटात होता तेव्हाही त्याने तिला धड झोपू दिलं नव्हतं.

मग कंपनीने निम्म्या लोकांना नारळ दिला. त्यात हाही होता. तेव्हापासून तो घरभर फिरत होता आणि घरच्यांना गरगरत होतं.

हल्ली मुलाखती घरूनच होतात, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. पहिल्या मुलाखतीत प्रश्न आला तसा हा सवयीने उठून चालू लागला. नकार आला तो कारणासकट: उमेदवार सारखा पडद्याआड जातो, कुणाला तरी विचारून येत असावा. आता काय बोलणार यावर!

म्हणून पुढच्या वेळी बायकोने त्याला खुर्चीत बसवलं. “माझ्यासाठी एवढा एक तास बस. ही तरी हातची घालवू नकोस.”

तो बसला. मुलाखत घेणारी मुलगी भली होती. कुरियरच्या गाड्या कमीत कमी फेऱ्यांत सगळ्या पत्त्यांवर कशा पोचवायच्या, एवढाच प्रश्न. त्याच्या डाव्या हातचा मळ. पण डोकं ठप्प. टेबलाखाली पाय वळवळत होते, ते त्याने एकमेकांत अडकवून धरले. “मोठ्याने विचार करा ना,” ती म्हणाली. विचार असता तर केला असता. दाराच्या फटीतून बायको बघत होती; नवरा बसलाय, या आनंदात होती बिचारी.

“नाही जमत मला,” तो अखेर म्हणाला.

“हरकत नाही. कळवू आम्ही.”

पडदा काळा झाला. तो पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचतोय तोच अख्खं उत्तर डोक्यात उभं राहिलं. आधी सगळ्यात लांबचा पत्ता धरायचा आणि मागे येत जायचं. इतकं सोपं.

“आलं गं उत्तर,” तो म्हणाला. “आत्ता. इथे.”

लग्नाचं विचारण्याआधी याच माणसाने बायकोला बागेला चकरा मारायला लावून तिचे पाय दुखवले होते. आणि तिनेच त्याला खुर्चीत डांबलं. तिला स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या मुलाखतीच्या दिवशी तो खोलीत आला तर खुर्ची गायब. टेबल भिंतीला लावलेलं. लॅपटॉप कपाटावर, कोपऱ्यात, खाली पुस्तकं घालून वाकवलेला. पडद्यावर अख्खी खोली दिसत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

“कुठेही गेलास तरी दिसशील,” बायको म्हणाली आणि दार ओढून घेऊन बाहेर थांबली.

आतून प्रश्न ऐकू आला, आणि पाठोपाठ पावलं वाजू लागली.