टामरावांचं आजोळ

माझ्या बायकोच्या चुलत मामांना उभ्या आयुष्यात अनोळखी माणूस म्हणून कधी भेटला नाही. म्हणजे भेटायचा, पण फार वेळ अनोळखी राहू शकत नसे. "गाव कुठलं? कुणापैकी? आजोळ कुठलं? देवक काय?" एवढे प्रश्न झाले की समोरचा माणूस मामांचा मेव्हणा, साडू, नाहीतर गेलाबाजार मावसभावाचा व्याही तरी निघायचाच. एकदा सातारा ते उंब्रज एवढ्याशा एसटीच्या प्रवासात त्यांनी कंडक्टरशी नातं लावलं आणि ते असं निघालं की मामा त्याचे आजे लागत होते. कंडक्टरनं तिकिटांची पेटी बगलेत मारली आणि भर गाडीत मामांच्या पायावर डोकं ठेवलं. गाडी घाटात असती तर आमचं काय झालं असतं देव जाणे. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा, चारचौघांत बेतानं बोलणारा माणूस. मला या चौकश्यांचा मनापासून राग यायचा आणि नेमका मीच त्यांच्या शेजारच्या सीटवर असायचो.

मामा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. उंब्रजकडे उसाची जमीन आणि साताऱ्यात घर. पेन्शनीत माणसं बाग करतात, भजनाला बसतात. मामा वंशावळी करत. "मानसाला मूळ असतंयच, जावईबापू," ते मला म्हणायचे, "आपन निस्तं खनत ऱ्हायाचं." एकदा मेढ्याला कुणाच्या तरी दुखवट्याला गेले आणि भलत्याच घरात शिरले. त्या घरातही माणूस गेलेलाच होता, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मामा बसले, डोळे पुसले आणि सवयीनं चौकशीला लागले. चहा येईपर्यंत गेलेला माणूस त्यांचा सहा पिढ्यांमागचा भाऊबंद निघाला! चुकीच्या घरात शिरलेले मामा रीतसर सुतक घेऊन साताऱ्याला परतले आणि मामींनाही त्यांनी ते पाळायला लावलं. "आवं, पत्ता चुकला म्हंजी रगात चुकतंय व्हय?" असं वर त्यांचं म्हणणं.

बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी आपल्या घराण्याला दिली होती. तिच्यावर ऑइलपेंटनं झाड काढलेलं, फांद्यांवर नावं. फक्त डावीकडच्या कोपऱ्यात मामांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे फांदी तोडल्यासारखी थांबायची. तो भाऊ ऐन तारुण्यात गेला. मामा तेव्हा पलटणीत होते. घरात जमिनीच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला आणि त्याची बायको तान्हं पोर घेऊन तासगावकडे माहेरी निघून गेली. "ती गेली, आपण का जायचं?" या एका हट्टापायी ना कुणी गेलं, ना कुणी बोलावलं. हे मला बायकोनं सांगितलं. मामांसमोर विषय काढायची कुणाची छाती नव्हती. मामांची खाट मात्र अशी टाकलेली होती की निजल्यावर तो कोपरा दिसू नये. सगळ्या जिल्ह्याची मुळं खणणाऱ्या माणसाला एवढीच एक जागा खणता येत नव्हती आणि ती त्यांना आतून खात होती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मामांच्या माडीवर टॉम नावाचा अमेरिकन तरुण भाड्यानं राहायला आला. संकरित कोंबड्या कशा पाळाव्यात हे तो आमच्या शेतकऱ्यांना शिकवणार होता. माडीवर त्याची ट्रंक चढायच्या आत मामांनी मला दुभाष्या म्हणून बोलावून घेतलं. "गाव इचारा. कुणापैकी इचारा." मी विचारलं. टॉम हसला नाही. उलट तो खाली बैठकच मारून बसला, कारण त्याच्या घरीही हेच वेड होतं. त्याच्या आजीला मरण्याआधी आपलं मूळ कळायला हवं होतं आणि त्याची आत्या त्यासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्या आणि चर्चची दप्तरं पालथी घालत होती.

"देवक इचारलं का?" मामा.

लग्नात ज्याची पूजा करता असं एखादं झाड आहे का, असं मी चाचरत विचारलं. टॉमनं खूप विचार केला. लग्नात नाही, म्हणाला, पण नाताळात आम्ही सुरूसारखं एक झाड घरात आणून सजवतो.

"हाय का न्हाई!" मामांनी मांडीवर थाप मारली. "म्हनं अमेरिकेत देवक नसतंय!" आणि आपल्या वंशावळीच्या शेजारी उरलेल्या भिंतीवर त्यांनी खडूनं लिहिलं, 'टामराव, देवक सुरू.'

आत्येचं संशोधन एका जागी अडलं होतं. घराण्याचा मूळपुरुष दोनअडीचशे वर्षांपूर्वी विलायतेहून अमेरिकेत गेला, नदीकाठचं रान तोडून त्यानं जमीन केली आणि मोठा जमीनदार झाला. मृत्युपत्रात तीन मुलगे. थोरल्या दोघांना जमीन, धाकट्याला एक गाय आणि एक पिसांची गादी. त्यानंतर धाकटा कुठल्याच दप्तरात नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या परगण्यात त्याच नावाचा एक शेतकरी दिसतो, तो टॉमचा पूर्वज. हा तोच धाकटा की दुसराच कुणी, ते ठरत नव्हतं. तिथले जाणकार म्हणत, धाकटा लहानपणीच मेला असणार.

"मेला म्हून लिवलंय कुटं?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग न्हाई मेला. थोरलं दोगं पैल्या बायकूचं आन ह्यो दुसरीचा, म्हून गादीवर भागवलाय त्येला. आता ह्ये सांगा, म्हातारा गेल्यावर ती बाई कुटं गेली?"

बाईचं फक्त पहिलं नाव होतं. तिचं पुढं काय झालं हे कुणी शोधलंच नव्हतं.

"जाईल कुटं?" मामांचा आवाज चढला. "लेकरू काखंला मारून माहेराला जाईल. टामराव, त्येचं आजोळ हुडका. पोरगं तितं मामाच्या दारात ढोरं राखत असंल, गड्या!"

उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या मामींचा हात सुपात थांबला. मी डाव्या कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. मामा मात्र तिकडे पाठ करून आत्येला धाडायच्या पत्राचा मजकूर सांगायला लागले होते. गाय बाईच्या माहेरची असणार, म्हणून तिच्याच लेकराला दिली. गावच्या न्हाव्याला गाठा, त्याला सगळं ठाऊक असतं. मी न्हाव्याला हळूच गाळलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण ओळी दिसत होत्या. "मी एवडं बोललो आन तुमी एवडंच लिवलं?" मग मी निमूटपणे न्हावी घातला.

उत्तर यायला ऊसतोडणी उजाडली. न्हावी काही सापडला नव्हता, गायीचंही काही कळलं नव्हतं. पण मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांवरून आत्येनं त्या बाईच्या बापाचं गाव काढलं. नदीपलीकडचं ते गाव आजवर कुणी बघितलंच नव्हतं. तिथल्या चर्चच्या दप्तरात पोरगं होतं. जिवंत होतं, मामाच्या घरात होतं, आणि मोठं झाल्यावर ते जमीन घ्यायला कुठल्या परगण्यात गेलं तेही तिथंच नोंदलेलं होतं. टॉमनं मामांना कडेवर घेतल्यासारखं उचललं. सुभेदाराला असं उचलणारा माणूस साताऱ्यात आधी झाला नव्हता. मामांनी आळीत पेढे वाटले. "पोरगं सापडलं," एवढंच ते सांगत सुटले, आणि कुणाचं ते न कळल्यानं निम्म्या आळीनं पेढ्याबरोबर अभिनंदनही केलं.

पेढ्यांचा पुडा रिकामा करून मामा आत आले, तेव्हा मामी खुंटीवरचा त्यांचा कोट झटकत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "साता समुद्रापल्याडचं पोर आजोळातनं हुडकलंसा. आपल्या धाकल्याचं पोर तासगावाकडं हाय. तितं एस्टी जाती."

आवाज जराही चढलेला नव्हता. मामा खाटेवर बसले, आणि ती खाट टाकल्यापासून बहुधा पहिल्यांदाच उलट्या बाजूला तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांगलीकडच्या गाडीत होतो. टॉमला त्यांनी मुद्दाम घेतलं. "एकट्यानं जायाची छाती न्हाई," लढाई बघून आलेला तो माणूस म्हणाला. सगळ्या वाटेत त्यांनी कुणालाही गाव विचारलं नाही. कंडक्टर आला आणि तिकीट देऊन अनोळखीच निघून गेला. ज्या चौकश्यांचा मला इतका राग यायचा, त्या ऐकू याव्यात म्हणून त्या दिवशी माझा जीव तळमळत होता.

गावात घर सापडलं. गोठ्यासमोर एक तरुण वैरण तोडत होता. मामांचंच नाक, मामांचीच उंची. एक म्हातारा, एक गोरा साहेब आणि मधे मी असे पाहुणे दारात बघून तो बिचकला, पण रीत चुकला नाही. हात पुसले, घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि मग मामांच्या समोर उकिडवा बसून त्यानं विचारलं, "गाव कुठलं पाव्हणं? कुणापैकी तुमी?"

जन्मभर जो प्रश्न मामांनी जगाला विचारला, तो त्यांच्याकडे परत आला होता. त्यांनी तांब्या न पिताच खाली ठेवला. टॉम भाषांतरासाठी माझ्याकडे बघत होता.

"तुज्यापैकीच हाय रं, पोरा," मामा शेवटी म्हणाले.

पोरगा काही न कळून बघत राहिला. दाराआडून एक थकलेला आवाज आला. थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही ही रीत त्या बाईनं एवढ्या वर्षांनीही सोडली नव्हती, म्हणून ती मुलालाच म्हणाली, "आरं, थोरलं चुलतं हायेत तुजं. पाया पड. आन त्यास्नी नीट बसाया सांग. लय लांबनं आल्यात."

टॉम पुढच्या वर्षी परत गेला. आजीला सगळं वाचून दाखवल्याचं त्यानं कळवलं; तिनं मामांच्या गावाचं नाव दोनदा म्हणायला लावलं म्हणे. मामाही आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः एसटीत शेजारचा माणूस मुकाट्यानं खिडकीबाहेर बघत बसतो तेव्हा. अशा वेळी मीच घसा खाकरून त्याला गाव विचारतो. मामांची भिंत अजून तशीच आहे. डाव्या कोपऱ्यातली फांदी पुढे सरकली, तिला जागा पुरेना, म्हणून पुतण्याच्या पोरांची नावं मामांनी खिडकीच्या चौकटीवर काढली आहेत. दिवाळीला घराला रंग लागतो, पण ती एक भिंत सोडून. तिच्यावर खडूनं लिहिलेलं 'टामराव, देवक सुरू' मामी कुणाला पुसू देत नाहीत.