सत्याप्पानं दार पुसलं नाही

सत्याप्पा रोज सकाळी गाडीच्या बॉनेटला उलटा हात लावून बघायचा, आम्ही दवाखान्यात पोराचा ताप बघतो तसा. शनिवारी तर पत्रा गार असल्याची खात्री झाल्याशिवाय मेणाचा डबा उघडायचाच नाही. “तापल्या पत्र्यावर मेण लावशीला तर डाग पडत्यात अण्णा. मग बसा घासत जल्मभर,” असं मला ऐकवायचा, जणू मीच रोज उन्हात मेण फासत होतो!

तो आमच्या निपाणीच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर, मी त्यांचा कंपाउंडर. निपाणी पडली तंबाखूची. वखारींतली खरखरीत धूळ त्या काळ्या गाडीवर सदा बसलेली. कुणी कळवळ्यानं फडकं फिरवायला गेलं की हा ओरडलाच म्हणून समजा. “अरं, कोरडं फडकं म्हंजे कानस रं! आदी पाणी वत, धूळ जाऊ दे, मग हात लाव.”

मेण तो घरीच करायचा. जांबोटीच्या रानातलं मधाच्या पोळ्याचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा, चुलीपासून लांब नेऊन त्यात माझ्याकडचं टर्पेंटाइन ओतायचा आणि घोटत बसायचा. मग शहापूरच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यानं ते अगदी बेतानं लावायचं. “लई लावलं म्हंजे लई चमकतंय असं न्हाय. ही काय भाकरी हाय व्हय?” पाऊस आला की थेंब त्या रंगावर ज्वारीच्या दाण्यासारखे टपोरे उभे राहायचे. ते बघायला हा मला औषधाची पुडी अर्धी सोडून बाहेर यायला लावायचा.

दसऱ्याला डॉक्टरांच्या घरच्या वहिनी गाडीवर ओल्या हळदी-कुंकवाची बोटं ओढायला आल्या, तर हा आडवा! “वैनीसाब, हार घाला, नारळ फोडा, जरा लांब फोडा. हळद रंगात उतरती.”

“अरे, देवाचं आहे ते!”

“देव रागवत न्हाय वैनीसाब, रंग रागावतोय.”

शेवटी बिचाऱ्या वहिनींनी चाकाला बोट टेकवलं. असा हट्टी. कधी कधी मला त्याचा संतापच यायचा.

बेचाळीस सालचा पावसाळा. गावोगाव धरपकड चाललेली. प्रांतसाहेबांची मोटार बिघडली आणि फौजदारानं डॉक्टरांना निरोप धाडला, उद्या सकाळी तुमची गाडी ड्रायव्हरसकट साहेबांना पाहिजे. जायचं होतं सदलग्याला, चळवळीतली माणसं पकडायला. सदलगा म्हणजे सत्याप्पाचं स्वतःचं गाव. डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण नाही म्हणायची सोय नव्हती. सत्याप्पा नुसता “व्हय” म्हणाला. माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं घासून चकचकीत केली ती काय साहेबाच्या बुडाखाली द्यायला? जाताना त्यानं माझ्याकडून वाटीभर टर्पेंटाइन मागून नेलं. शनिवार नव्हता, तरी मी दिलं.

सकाळी गाडी दवाखान्यासमोर उभी. भुरभुर पाऊस. साहेब ज्या दारानं आत बसणार, त्याच दारावर पांढऱ्या तेलरंगात हात-हातभर अक्षरं होती: चले जाव! बॉनेटवर थेंब नेहमीसारखे उभे होते, पण त्या दारावर पाणी पसरून ओघळत होतं. दारावरचं मेण टर्पेंटाइननं काढून टाकलं होतं, अक्षरांचा रंग नीट धरावा म्हणून. काम कुणाचं हे मला लख्ख कळलं. खरं सांगतो, आनंदानं ऊर भरून आला.

फौजदार आला, दार बघून लालबुंद झाला. “पूस ते.”

“न्हाय पुसत,” सत्याप्पा म्हणाला.

“कुणी लिहिलं?”

“म्या लिवलं. माझीच माणसं धराया माझीच गाडी? जमायचं न्हाय.”

फाडकन थोबाडीत बसली. हा जागचा हलला नाही. “आणिक मारा. पर पुसणार न्हाय.”

मग शिपायानं रस्त्यावरची मूठभर वाळू घेऊन दार घासायला सुरुवात केली. कराकरा ओरखडे उठले, पण अक्षरं काही जाईनात. गाडीवर माशी बसली तरी कळवळणारा हा माणूस हाताची घडी घालून उभा. डोळे भरले होते. “घास रं,” म्हणाला, “जोरात घास. पोरीवानी संभाळली, पर असल्या घरी न्हाय धाडायची!”

फौजदार माझ्याकडे वळला. “कंपाउंडर, टर्पेंटाइन असेल ना तुमच्याकडे? आणा.”

रंग वरून धरला होता, पण आतून अजून कच्चा होता. टर्पेंटाइनचे दोन हात मारले असते तर गेला असता, आणि बाटली आत फळीवरच होती. सरकारी टोपी दिसली की कमरेत वाकणारा माणूस मी. तरी म्हटलं, “संपलं, साहेब. काल रात्रीच संपलं.”

“खोटं बोलत असाल तर...”

“बघा की आत येऊन.”

हे मीच बोललो? फौजदार काही आत आला नाही. साहेब आले, दार वाचलं आणि तसेच परत फिरले. दौरा त्या दिवशी झालाच नाही, तोवर सदलग्याची माणसं रानोमाळ पांगली. सत्याप्पाला मात्र बेड्या घालून बेळगावला नेलं.

सहा महिन्यांनी तो सुटून आला तो छातीत खोकला घेऊनच. डॉक्टर म्हणाले, “सत्याप्पा, दार नवं रंगवून घेऊ.”

“रंगवायचं न्हाय, डाक्टरसाब.” माझ्याकडून टर्पेंटाइन घेतलं, तेव्हा मला वाटलं, आता पुसतोय. कसलं काय! गडी मेण घोटायला बसला. मग ओरखड्यांवर आणि त्या पांढऱ्या अक्षरांवर हलक्या हातानं मेण चढवलं. “रंगाची काळजी घ्यायला नगं? साहेब जाईस्तवर टिकाया पायजेत ही अक्षरं.”

नव्या फौजदारानं दोनदा दम दिला. डॉक्टरांनी ऐकलं नाही. तसल्याच दाराची गाडी घेऊन सत्याप्पा पंचक्रोशीत हिंडला, दर शनिवारी त्या अक्षरांना मेण लावत राहिला.

सत्तेचाळीस साली साहेब खरंच देश सोडून गेले तेव्हा सत्याप्पा नव्हता. खोकल्यानं त्याला आदल्या वर्षीच नेलं. त्या दिवशी मी दवाखान्याला कुलूप घातलं, बाह्या सारल्या आणि दाराला मेण लावलं.