जहाजाने येणारा छत्रीवाला

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि तेही विमा एजंट म्हणून सांगतो. लोकांच्या भीतीवर गेली बावीस वर्षं माझं घर चाललं आहे, तेव्हा भीतीची आपल्याला पारख आहे असा माझा समज होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. वय एकोणपन्नास, अंगाने धिप्पाड, मिशा अशा की समोरच्याने आपणहून वाट सोडावी. आणि हा माणूस दारावरची बेल वाजली की आधी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे बघायला पुलाकडे धावतं. साडू त्या वेळी नदीपासून चांगले लांब, इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर, कपाटातली कागदपत्रं माळ्यावर चढवत असतात. गॅसचं बटण ते तीनदा बघतात, चौथ्यांदा ताईंना बघायला लावतात आणि ताईंनी नीट बघितलं नसेल म्हणून पाचव्यांदा पुन्हा स्वतः बघतात. माझ्याकडच्या झाडून सगळ्या पॉलिसी त्यांनी घेतल्या. एकदा तर पिकाचा विमा मागायला लागले. म्हटलं, साडूभाऊ, गॅलरीत एक तुळस आणि एक कोरफड, विमा कशाचा उतरवू? तर म्हणाले, "नाय, असलेला बरा."

अशा माणसाने छंद धरावा तर पोस्टाची तिकिटं जमवावीत, फार तर कोरफडीला पाणी घालावं. साडूंनी छंद धरला जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेट जमवण्याचा, आणि त्याही थेट जपानहून मागवण्याचा. त्याला कारण होतं. निफाडजवळच्या त्यांच्या गावी एका वर्षी द्राक्षाला बरा भाव मिळाला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी टीव्हीला जोडायचं एक डबडं आणलं होतं. गावातलं ते पहिलं आणि बहुतेक शेवटचं. ते अजून चालतं, आणि त्याच्या खाचेत जपानी कॅसेटच बसते. डबड्याबरोबर आलेल्या कॅसेटवर छत्री घेतलेल्या एका बुटक्याचं चित्र होतं. खाली लिहिलेलं जपानी कोणाला वाचता येणार? गावाने त्याचं नाव छत्रीवाला ठेवलं. हा छत्रीवाला कौलांवरून उड्या मारत, खड्डे चुकवत एका किल्ल्याच्या दाराशी पोचतो. साडू आठवीत असल्यापासून त्या दाराशी पोचत आले आहेत, आणि दाराशी पोचले की डबडं बंद करत आले आहेत. का, तर तीन लाइफ शिल्लक असतात, आत जाऊन त्या उगाच घालवायच्या कशाला. पस्तीस वर्षं त्या किल्ल्याच्या आत काय आहे हे या माणसाने पाहिलेलं नव्हतं. "एकदा जाणार हाय आत," असं ते दर दिवाळीला म्हणायचे. "पण सवडीनं."

जपानमध्ये एक म्हातारे गृहस्थ आपल्या बंद पडलेल्या दुकानातल्या कॅसेट विकतात. साडूंचा आणि त्यांचा मोबाइलवर भाषांतर करून पत्रव्यवहार चालतो. अडचण एकच होती, भाडं. कॅसेट पडायची चार मिसळींच्या भावात, आणि तिला विमानाने नाशकात आणायचं म्हटलं की तेवढ्यात आम्ही दोन्ही कुटुंबांनी, आल्यागेल्या पाहुण्यांसकट, महिनाभर मिसळ खाल्ली असती. साडूंना हे फार लागायचं, कारण ते द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये माल तपासतात. "साडूभाऊ, आपला अख्खा कंटेनर गारेगार युरोपात जातो, त्याला किलोमागं भाडं पडतं किती? आणि हे वीतभर खोकं तिकडून यायला एवढं मागतं. ते काय खुर्चीवर बसून येतं का?" मग ते जहाजाचा पर्याय निवडायचे. जहाजाने स्वस्त, पण तीन-साडेतीन महिने. आणि ते तीन-साडेतीन महिने आमच्या दोन्ही घरांना सुतक असल्यासारखे जायचे. कुठल्या समुद्रात वादळ आहे हे साडूंना तिथल्या मासेमारांच्या आधी कळायचं. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "आत्ता सिंगापूरच्या आसपास असंल." एकदा तर वणीला जाऊन सप्तशृंगीला नवस बोलून आले. लोक देवीकडे मूल मागतात, नोकरी मागतात. यांनी काय मागितलं, तर कंटेनर वरच्या थरात असला तर घसरू नये. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण नवस फेडायला त्याही गड चढल्या.

कस्टमचं पत्र आलं तो दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. पार्सल उघडून दाखवायला या, एवढंच त्यात होतं. साडूंनी त्याचा अर्थ अटक असा लावला. इस्त्रीचा शर्ट घातला, आधार, रेशनकार्ड, पॅकहाउसचं ओळखपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, असं सगळं पिशवीत भरलं, आणि वर जामीन म्हणून मला घेतलं. खिडकीपलीकडच्या माणसाने पार्सल फोडलं, कॅसेट उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "आमच्याकडं पण होतं हे. आमच्या आईनं भंगारात घातलं." आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. साडूंचा हात इतका थरथरत होता की सही ओळीबाहेर गेली. मी ती घरी आल्यावर साग्रसंगीत करून दाखवली, पोरं हसून लोळली, साडूही हसले. तेव्हापासून त्यांच्या थरथरीची नक्कल हा आमच्याकडच्या प्रत्येक बारशाचा आणि साखरपुड्याचा ठरलेला कार्यक्रम झाला. चहाच्या कपाचा बशीवर आवाज झाला की मी म्हणायचो, "कोणतं जहाज बुडालं, साडूभाऊ?" ते म्हणायचे, "बोला, बोला." मला माझी ही बाजू आठवली की आता बरं वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक उद्योग केला, आणि तो पॅकहाउसमधल्या माणसालाच सुचू शकतो. निर्यातीच्या द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून पेटीत वरून एक गंधकाचा कागद ठेवतात. ओल लागली की त्यातून धूर सुटतो आणि बुरशी मरते. साडूंना भीती वाटली की दमट हवेने कॅसेटना बुरशी लागेल. त्यांनी जुन्या पत्र्याच्या डब्यात छत्रीवाला ठेवला, वर दोन कागद ठेवले, डबा चिकटपट्टीने बंद केला आणि चार महिने निवांत झोपले. दसऱ्याला डबा उघडला तर बुरशीचा मागमूस नव्हता. पण कॅसेटचे तांब्याचे दात काळे पडून खाल्ले गेले होते. घासून पाहिलं, रॉकेलने पुसून पाहिलं, डबडं तिला ओळख द्यायला तयार नाही. साडू आठ दिवस नीट जेवले नाहीत. "द्राक्षाला चालतं हो," एवढंच म्हणत राहिले. म्हाताऱ्याला कळवलं, त्याने शोधाशोध करून संक्रांतीच्या सुमारास एक छत्रीवाला मिळवला, आणि तो नेहमीप्रमाणे जहाजाने निघाला. अक्षय्य तृतीयेपर्यंत येणार होता.

फेब्रुवारीत हंगाम जोरात असतो. पॅकहाउसमध्ये सुरगाण्याकडच्या बायका ओळीने बसून कात्रीने घडातले खराब मणी काढतात, आणि साडू मधून फिरत घड उचलून बघतात. त्यातल्या एका वयस्कर बाईने त्यांना थांबवलं. ती काय म्हणाली ते साडूंनी मला नंतर, डॉक्टरांकडे जाताना माझ्या गाडीत बसून, जसंच्या तसं सांगितलं. "साहेब, तुमचा एकच हात हालतोय. भ्यालेल्या माणसाचे दोन्ही हालतात."

सोळा वर्षं मी या माणसाबरोबर जेवतो आहे. त्याच्या हाताची नक्कल मी इतक्यांदा केली की ती मला झोपेतही आली असती, आणि मी नक्कल नेहमी उजव्याच हाताची करत होतो. ताईंनी पाहिलं नाही, माझ्या बायकोने पाहिलं नाही, आम्ही सगळे भीती समजून हसत बसलो. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, नाव लिहायला लावलं. अक्षरं ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढी होत गेली. मेंदूकडून हाताला जाणारा निरोप उशिरा पोचतो, असं डॉक्टर म्हणाले. आजार हळूहळू वाढतो, गोळ्यांनी पुष्कळ वर्षं नीट जातात, घाबरायचं काही कारण नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी साडूंकडे बघून म्हटलं, आणि साडूंनी शांतपणे मान हलवली. घाबरलो मी. विम्याचा फॉर्म भरून घेताना ज्या आजारांची यादी मी भराभर वाचून दाखवतो आणि लोक "नाही, नाही, नाही" म्हणत जातात, त्या यादीतलं नाव होतं ते.

घरी आल्यावर त्यांनी दुसरी एक कॅसेट लावून पाहिली. उडीचं बटण अंगठ्याने दाबायचं असतं. अंगठा दाबायचा ठरवत होता आणि तोवर पडद्यावरचा माणूस खड्ड्यात गेलेला असायचा. चार-पाचदा तसं झालं आणि त्यांनी डबडं बंद केलं. "छत्रीवाला येईपर्यंत हा राहील का?" त्यांनी अंगठा वर करून विचारलं. मी म्हटलं, विमानाने दुसरा मागवू, आठवड्यात येईल. तर म्हणाले, "नको. जहाजात हाय तोवर बरं हाय." मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं की छत्रीवाला घरात आला की किल्ल्याच्या दाराशी जावं लागणार, आणि या वेळी "सवडीनं" म्हणायची सोय उरलेली नाही. मी चिडलो. पस्तीस वर्षं घाबरून दाराशी उभे राहिलात, आता अजून किती उभे राहणार, असं बोलून गेलो. ताई आतून बघत होत्या. साडू म्हणाले, "तुमचं खरंय," आणि गॅस बघायला उठले.

मी घरी जाऊन त्या म्हाताऱ्याला स्वतः लिहिलं. त्याच्याकडे आणखी एक होती, कोपरा तुटलेली. विमानाचं भाडं त्याने कळवलं. ज्या भाड्यावरून मी या माणसाची वर्षानुवर्षं टर उडवली, ते मी भाजी घेताना करतो तेवढीही घासाघीस न करता भरलं. आणि मग नऊ दिवस माझी जी गत झाली ती कोणाला सांगण्यासारखी नाही. पार्सल कुठे पोचलं ते मी गिऱ्हाइकासमोर बसून मोबाइलवर बघायचो. दिल्लीत दोन दिवस हललं नाही तेव्हा मी जेवताना घास हातात धरून बसलो. बेल वाजली की मी आधी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो. बायको म्हणाली, "दाजींची हवा लागली तुम्हाला." भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. पार्सलची भीती नव्हतीच ती.

रविवारी सकाळी मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी पाकिटावरचं भाडं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "येडे झालात का साडूभाऊ?" मग नऊची गोळी घेतली. ती लागू व्हायला तास लागतो, म्हणून आम्ही तासभर चहा घेत बसलो, आणि दहाला सुरुवात केली. कौलं गेली, खड्डे गेले. दोन लाइफ वाटेतच गेल्या, पूर्वी कधी जात नसत. दाराशी एकच उरली. साडू थांबले. ताई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, हे आता बटण बंद करणार, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. साडूंनी उजव्या अंगठ्यावर डाव्या हाताचा अंगठा ठेवला आणि दोन्हींनी मिळून बटण दाबलं. दार उघडलं. आत फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. वरून काहीतरी आलं, उडी उशिरा लागली, छत्रीवाला पडला, आणि पडद्यावर जपानीत दोन ओळी आल्या. त्या वाचणारं आमच्यात कोणी नव्हतं. साडूंच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना.

"आत हिरवं हाय," ते म्हणाले. "झाडं हायेत. मला वाटायचं अंधार असंल."

आता मी दर रविवारी दहाला तिथे असतो. संक्रांतीचा छत्रीवालाही यथावकाश आला, त्याचं खोकं अजून फोडलेलं नाही. साडू दर वेळी आत जायला बघतात. कधी दोन झाडं पुढे, कधी दाराशीच संपतं, आणि अलीकडे दाराशी संपायचं प्रमाण वाढलं आहे हे आम्ही दोघेही एकमेकांना सांगत नाही. मी शेजारी बसून त्यांच्या अंगठ्याकडे बघत असतो, आज कसा आहे, मागच्या रविवारपेक्षा कसा आहे. ते पडद्यावरची नजर न काढता मला कोपराने ढोसतात आणि म्हणतात, "इकडं काय बघता? तिकडं बघा, तिकडं." मग मी थोडा वेळ तिकडे बघतो.