पाणी देणारा भाऊ

विलास गेल्याचा फोन शेजारच्या बाईंनी केला. "ताई, लवकर या. विलासभाऊ पाणी देता देता वाफ्यातच पडले... दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं." नेरहून मिळेल त्या एसटीने मी यवतमाळला पोचले. फाटकात माणसं जमली होती, आणि माझी भावजय सुमन वाफ्याच्या कडेला बसून चिडली होती. "कोणी सोडलं एवढं पाणी? मेथी पार लोळली न!" आत माझा धाकटा भाऊ पांढऱ्या कपड्यात निजला होता आणि बाहेर त्याची बायको मेथीची रोपं उभी करत होती. देवाशी माझं त्या दिवसापासून भांडण आहे, अजून मिटलेलं नाही.

सुमनला विसरण्याचा आजार लागला त्याला काही वर्षं झाली. आधी गॅसवरचं दूध विसरली, मग नातवंडांची नावं, आणि मग एक दिवस विलासलाच. राहिलं फक्त कळंबचं माहेर. पिशवी उचलायची आणि फाटकाबाहेर पडायचं, हा तिचा दिवसभराचा उद्योग. एकदा बसस्टँडवर सापडली, एकदा तर भर रस्त्यात, ट्रकांच्या मध्ये. पुण्याचा मुलगा म्हणू लागला, आईला कुठल्या तरी संस्थेत ठेवू. विलास मला म्हणाला, "ताई, फाटकाले कुलूप लावलं त गजावर डोकं आपटते. तिले लोकाईच्या हाती देऊ? सांग न, मी करू तरी काय?"

उत्तर त्यानेच शोधलं. माहेरी सुमनच्या हातची भाजीची बाग होती. तिला काही आठवो न आठवो, वाफा दिसला की तिची पावलं थांबत. म्हणून त्याने पुढच्या अंगणातली हौसेने बसवलेली फरशी फोडली आणि फाटकाच्या वाटेतच वाफे केले. जन्मभर कारकुनी केलेला माणूस तो. कुदळ त्याने धरली होती की कुदळीने त्याला, कळत नव्हतं. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, लावली. बाजारात एकदा सुमनने स्ट्रॉबेरी मागून खाल्ली होती. कितीतरी दिवसांनी तिने काही मागितलं होतं, म्हणून स्ट्रॉबेरीही. आणि इथे आमच्या घराण्याला शोभेल अशी चूक केली. नेरच्या वावरातली काळीभोर माती ट्रॉली भरून आणली आणि ओतली. आम्हा कपाशीवाल्यांना वाटतं, काळ्या मातीत दगडही उगवतो. भाजी तगली, पण त्या चिकट चिखलात स्ट्रॉबेरीची मुळं सडली. रिकामा वाफा पाहून सुमनने पुन्हा पिशवी उचलली. त्या दिवशी विलास चिखलात बसून हमसून हमसून रडला. "एवढंच थांबवते तिले ताई... एवढंच." मग मुरमाची तांबडी माती आणि रेती आणून त्याने उंच वाफा केला, नवी रोपं लावली. ती जगली.

सुमन थांबली खरी, पण तिने विलासला माळी ठरवलं. "जास्त पाणी नका टाकू भाऊ." लग्न झाल्यापासून जिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, तिच्या तोंडी 'भाऊ'! मी चिडवलं, "घे, आता तुला राख्या दोन." तो हसला आणि तोंड फिरवून डोळे पुसत राहिला. संध्याकाळ झाली की ती त्याला म्हणायची, "जा भाऊ आता घरी. बायको वाट पाहून राह्यली असन." तो मुकाट्याने फाटकातून निघायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि मागच्या दाराने आत येऊन तिच्यासाठी पोळ्या लाटायचा. रोज.

तेरवी झाली, पण मी नेरला परत गेले नाही. सुमन सकाळी पिकलेल्या स्ट्रॉबेऱ्या तोडते आणि त्यातल्या वाटीभर पायरीवर ठेवते. कोणाला हात लावू देत नाही. "भाऊच्या घरी द्याच्या आहे." परवा तिने विचारलं, "भाऊ काहून येऊन नाही राह्यले?" खोटं बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. म्हटलं, "ते गेले, सुमन. वारले." तिने हाताची माती पदराला पुसली आणि वाटी उचलून माझ्या हातात दिली.

"त्याईच्या बायकोले सांगतलं का कोणी? जा, तिच्यापाशी बसा जराशा. एकटी असन बिचारी."

वाटी घेऊन मी तिच्याच शेजारी पायरीवर बसले.