नकाशाखालची ओळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. काल नागपूरच्या मेट्रोत शेजारच्या बाईनं संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मी थेट मध्य प्रदेशातल्या सौंसरला, मनोहरच्या काकांच्या बागेत जाऊन पोचलो.

नागपुरात तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. माझा मित्र मनोहर हौसेनं नकाशे काढायचा. एका नकाशात त्यानं मेट्रोची नारंगी लाईन थेट सौंसरला आणली, काकांच्या बागेजवळच्या जामसांवलीला स्टेशन दिलं आणि खाली लिहिलं, ‘ही फक्त माझी कल्पना’. मी प्लॉटची दलाली करायचो. ती ओळ कापून मी नकाशा काकांना दाखवला.

मनोहर धावत आला तेव्हा अर्धी बाग आडवी झाली होती. संत्री पायाखाली फुटत होती.

“काका, हे काय करून राहिले?”

“तुयाच नकाशात स्टेशन हाय ना बाप्पा! प्लॉट पाडतो आता.”

नकाशाची कापलेली कड पाहून तो माझ्याकडे वळला. “सांग ना बे, खाली काय लिवलं होतं मी?”

“मले नाही आठवत.”

तेव्हा वाटलं, तो मला पकडतोय. आज कळतं, तो मला खरं सांगायची संधी देत होता. त्यानंतर त्यानं नकाशा काढला नाही.

ती ओळ मी कापली, हे काकांसमोर सांगणं अजून बाकी आहे.