हिल्के उब्बनचा ओंडका

आमच्या काउंटीत जुनं कोण आणि नवं कोण, हे माझ्या मामांनी ठरवलं. मामांचे वडील १८५५ च्या नोव्हेंबरात इथे बैलगाडीतून उतरले, म्हणून जुनेपण त्या डिसेंबरच्या एकतीस तारखेला संपलं. माझ्या सासूबाई, हिल्के उब्बन, आल्या त्या पुढच्या एप्रिलात. नदीवरचा बर्फ वितळला नव्हता, बोट अडकली. तेवढ्यासाठी बाई जन्मभराच्या नव्या ठरल्या.

१८८७ साली जुन्या लोकांच्या मंडळाने जत्रेच्या मैदानात ओंडक्यांची एक खोपी बांधायची ठरवली, पहिल्यावहिल्या घरांसारखी. प्रत्येक जुन्या घराने एक ओंडका द्यायचा, त्यावर आपलं नाव कोरायचं. मंडळाचे अध्यक्ष अर्थात आमचे ऑरिनमामा. बेत उत्तम होता, फक्त ओंडका किती लांब हवा ते सांगायचं राहून गेलं. शेजाऱ्यापेक्षा आपला तोकडा दिसायला नको म्हणून जो तो लांबवत गेला. पेटिग्रूंचा तर भिंतीच्या बाहेर सहा फूट आला. कापायला गेले तर पेटिग्रूंची म्हातारी ओंडक्यावर बसूनच राहिली, कारण करवत बरोबर तिच्या नवऱ्याच्या आडनावातून जाणार होती. शेवटी त्या टोकाला लोक घोडे बांधायला लागले.

सासूबाईंनीही आपला ओंडका पाठवला. मंडळाने परत आणून टाकला. त्यांनी पुन्हा पाठवला, मंडळाने पुन्हा आणून टाकला. तिसऱ्या खेपेला आमच्या घोड्यांना वाट दाखवावी लागली नाही.

हा हट्ट मला आधी पोरकट वाटला. मग मला हारमने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सांगितलं. एकोणीस वर्षांची हिल्के नवऱ्याबरोबर जर्मनीच्या समुद्रकाठावरून आली, तेव्हा चांगली उंच जमीन मामांच्या माणसांनी धरलेली होती. उरली होती ती दलदल, बदकांनीसुद्धा नाक मुरडावं अशी. दोघांनी चर खणले, पाणी काढलं, बांधावर वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. नवरा, वेर्ट, आठ वर्षांपूर्वी गेला. त्याला पुरलं तेही ओल्या जमिनीत, कारण चर्चच्या वाट्याला तीच आली होती. थडग्यावरचा दगड दोनदा नावासकट खाली गेला, दोनदा आम्ही दोर लावून वर काढला. जत्रेचं मैदान मात्र टेकाडावर, खडखडीत कोरडं. वेर्टचं नाव एकदा तरी कोरड्या जागी राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी एक वाळुंज पाडलं आणि पाव कापायच्या सुरीने स्वतः नाव कोरलं.

चौथ्यांदा ओंडका पाठवला तेव्हा मामा स्वतः आले. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मामा या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. लग्नाच्या दिवशी त्यांची गाय व्यायली होती. ती गाय पुढे बरीच वर्षं आमच्या घरच्या प्रत्येक समारंभाला व्यायली.

"हे बघा बाई, मी स्पष्टच सांगायला आलोय," मामा टोपी काढत म्हणाले.

"आधी चहा," सासूबाई म्हणाल्या. "चहा चालू असताना आमच्यात कामाचं बोलत नाहीत. बसा."

मामा बसले. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर काळाकुट्ट कडक चहा, वरून साय. मामांनी चमच्याने खळखळा ढवळलं आणि चमचा बशीत ठेवला. त्यांच्यात चहा ढवळत नाहीत. सासूबाईंची भुवई वर गेली. कप रिकामा झाला, त्यांनी भरला. मामा माणूस रीतीभातीचा, पुढ्यात आलेलं टाकायचं नाही. त्यांनी तो संपवला. सासूबाईंनी पुन्हा भरला.

पाचव्या कपाला मामांनी पट्टा सैल केला. सातव्याला कपाळावर घाम आला.

"लव्हिना," ते माझ्या कानाशी कुजबुजले, "यांचा चहा संपतो तरी कधी गं?"

"तुमचा संपला की, मामा," मी म्हटलं. मला सगळं माहीत होतं. मुद्दामच बोलले नाही. ती गाय माझ्या डोळ्यांसमोर होती.

अकराव्या कपाला मामांनी गुडघे घट्ट जुळवले. "बाई, देवाशपथ सांगतो, अजून एक घोट गेला तर मी या खुर्चीवरून वाहून जाईन!"

"अगंबाई! मग चमचा कपात का ठेवत नाही?"

"चमचा?"

"पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. नाही ठेवला तर मी ओतत राहणार. मला वाटलं, माणूस तहानलेला दिसतोय." सासूबाईंनी किटली खाली ठेवली. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटत होतं. "किती वर्षं झाली हो तुम्हाला इथे?"

"बत्तीस."

"आणि आमच्या लोकांची घरं किती या काउंटीत?"

"असतील सव्वाशे."

"सव्वाशे घरं, बत्तीस वर्षं, आणि एकाही घरी तुम्ही चहाला टेकला नाहीत. मग तुम्ही जुने कसले? तुम्ही तर इथे अजून आलाच नाही आहात!"

मामांना उत्तर द्यायचं असावं, पण वेळ नव्हता. ते मक्याच्या कणगीमागे धावत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. चेहरा लाल झाला होता. आणि तो काही नुसता धावल्यामुळे नव्हे.

"बाई, भिंती भरल्यात," ते उभ्यानेच म्हणाले. "खोटं नाही सांगत. फक्त दाराचा उंबरठा राहिलाय. पण तिथे नावावर लोकांचे पाय पडतील."

"कोरडा आहे?"

"अगदी."

"मग चालेल. तासायचा मात्र नाही."

तासला नाही. वाळुंजाचं खोड दीड फूट जाड, त्यामुळे उंबरठा गुडघ्याला लागला. खोपी उघडली त्या दिवशी सासूबाई समोर खुर्ची टाकून बसल्या. भाषण आटोपून पहिले आत शिरले ते अध्यक्ष, आणि उंबरठ्याला अडखळून थेट तोंडावर आपटले. आम्ही उचलायला धावलो, तर सासूबाईंनी हात करून थांबवलं.

"काय हो, काय लिहिलंय तिथे?" त्यांनी ओरडून विचारलं.

मामांनी पडल्यापडल्या चष्मा शोधला, नाकावर चढवला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं, "वेर्ट उब्बन, १८५६."